विलीचं गाणं, पॅट्सीचा श्वास

गाणं विकायचं असेल तर ते आधी कुणाला तरी ऐकवावं लागतं. कविता छापायला द्यायची तर पोस्टाचं पाकीट पुरतं. गाण्याचं तसं नाही. कागदावरचे शब्द वाचून चाल कळत नाही, आणि स्वरलिपी वाचता येणारे गायक कुठंही थोडेच असतात. म्हणून अमेरिकेतल्या गाण्यांच्या धंद्यानं एक सोय काढली. गीतकार स्वतः, नाहीतर थोडक्या पैशांवर आणलेला एखादा गायक, गिटारच्या नाहीतर तीनचार वाद्यांच्या साथीनं गाणं गाऊन टाकतो. ते टेपवर घेत, त्याची एक कामचलाऊ तबकडी कापत, आणि ती गायकांकडे, निर्मात्यांकडे फिरवत. याला ‘डेमो’ म्हणतात. कापडाच्या दुकानात ताग्यावरचा तुकडा दाखवतात, तसा हा गाण्याचा तुकडा. या तबकड्यांचा थर मऊ असे. थोड्या वेळा वाजवल्या की त्या घासून जात. त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. गाणं एखाद्या गायकानं घेतलं, की नमुन्याचं काम संपलं.

आज मी तुम्हाला अशाच एका नमुन्याची आणि त्यातून झालेल्या एका रेकॉर्डची हकीकत सांगणार आहे. गाण्याचं नाव ‘क्रेझी’. लिहिलं आणि बांधलं विली नेल्सननं, गायलं पॅट्सी क्लाइननं, साल 1961. गाव नॅशव्हिल, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं. ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात, त्या संगीताची ही पेठ. दक्षिणेतल्या शेतकऱ्यांचं, खाणकामगारांचं, ट्रक हाकणाऱ्यांचं हे गाणं. गोऱ्यांचं म्हणून ओळखलं जातं, पण त्यातला बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर आला, आणि ब्लूजचं देणंही त्याच्या अंगावर आहे. आपल्याकडे मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून जिम रीव्हजच्या रेकॉर्डी वाजत असत, त्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना या पेठेच्या मालाची चव ठाऊक आहे.

विली नेल्सनचा जन्म 1933 चा, टेक्सासमधल्या ॲबट नावाच्या खेड्यातला. आईबाप लवकर वेगळे होऊन निघून गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. आजोबांनी सहाव्या वर्षी हातात गिटार दिली. पोरवयात कापूस वेचला, नाचाच्या बँडमध्ये वाजवलं. मोठेपणी पोटासाठी काय काय केलं त्याची यादी लांब आहे. रेडिओवर निवेदन केलं, दारोदार हिंडून बायबलं विकली, ज्ञानकोशाचे खंड विकले. ह्यूस्टनमध्ये गिटारच्या शिकवण्या घेतल्या. आणि हे सगळं करता करता तो गाणी लिहीत होता.

गाणी लिहीत होता आणि विकतही होता, अगदी शब्दशः. ‘फॅमिली बायबल’ नावाचं त्याचं एक गाणं पन्नास डॉलरना गेलं. 1960 साली क्लॉड ग्रे या गायकानं ते गायलं आणि ते देशभर वाजलं. गीतकार म्हणून तबकडीवर तीन नावं होती. त्यात विलीचं नव्हतं. दुसरं गाणं ‘नाइट लाइफ’. ते दीडशे डॉलरना गेलं. ज्या कंपनीशी विलीचा करार होता तिच्या मालकाला ते कंट्रीच वाटेना, म्हणून ते दुसरीकडे मुद्रित झालं, आणि करारातून सुटण्यासाठी गायक म्हणून नाव छापलं ह्यू नेल्सन. ह्यू हे विलीचंच मधलं नाव. म्हणजे गाणं आपलं, गळा आपला, आणि तबकडीवर नाव असं की शेजाऱ्यालाही ओळखू येऊ नये.

इथं मला आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपलं तखल्लुस घालतो. अभंगात तुकोबांचं नाव शेवटच्या चरणात येतं. जुन्या लावणीतही शाहीर आपली नाममुद्रा शेवटी ठोकून ठेवतो. आपण याला रीत म्हणतो, पण मला तो सातबाराचा उतारा वाटतो. गाणं कुणाच्याही तोंडी जावो, कुठल्याही फडावर जावो, मालकाचं नाव कवितेच्या आतच शिवलेलं असतं. ते काढायचं तर कापड फाटतं. विलीच्या गाण्यांना तशी शिवण नव्हती. पन्नास डॉलर हातात पडले, की गाणं अनाथ झालं.

1960 साली विली एका जुनाट मोटारीतून नॅशव्हिलला आला. तिथं ‘टूट्सीज ऑर्किड लाउंज’ नावाचा जांभळ्या रंगाचा एक बार होता, अजूनही आहे. त्याचं मागचं दार उघडतं त्या गल्लीपलीकडे रायमन ऑडिटोरियम, म्हणजे तेव्हा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओचा प्रसिद्ध कार्यक्रम जिथून होत असे ते सभागृह. गायक मागच्या दारानं येऊन घोटभर घेऊन जात, आणि गीतकार तिथंच टेबलं धरून बसलेले असत. मालकीणबाई टूट्सी बेस उधारीला नाही म्हणत नसत. मुंबईच्या स्टुडिओंबाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या गीतकारांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. त्यातलाच प्रकार, पेला तेवढा वेगळा.

तिथं हँक कॉकरन या गीतकारानं विलीची गाणी ऐकली. हँक पँपर म्युझिक या प्रकाशन संस्थेत होता. गाण्यांचे प्रकाशक म्हणजे पुस्तकं छापणारे नव्हेत. ते गीतकाराला बांधून घेतात, डेमो करवून घेतात, गाणं गायकापर्यंत पोचवतात आणि येणाऱ्या मानधनातला वाटा घेतात. पँपरमध्ये हँकला आठवड्याला पन्नास डॉलरची वाढ मिळायची होती. ती मला नको, त्या पैशांत या टेक्सासवाल्याला घ्या, असं त्यानं मालकाला सांगितलं. कवींच्या जगात एकमेकांविषयी फार चांगलं बोललं जातं असा काही माझा अनुभव नाही, म्हणून ही पन्नास डॉलरची हकीकत मी मुद्दाम सांगतो. विलीला आयुष्यात पहिल्यांदा केवळ गाणी लिहिण्याचा पगार सुरू झाला.

त्याच सुमारास त्यानं ‘हॅलो वॉल्स’ लिहिलं. रिकाम्या घरात भिंतींशी बोलणाऱ्या माणसाचं गाणं. फॅरन यंग या नावाजलेल्या गायकानं ते 1961 मध्ये गायलं. पैशांची चणचण होतीच, म्हणून विली हे गाणंही पाचशे डॉलरना विकायला निघाला होता. फॅरननं ते विकत घेतलं नाही. त्यानं पाचशे डॉलर उसने दिले आणि गाणं विकू नकोस म्हणाला. गाणं कंट्रीच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या जागी राहिलं. त्यानंतर विलीनं गाणी विकण्याचं सोडलं असावं, असं म्हणायला हरकत नाही. निदान ‘क्रेझी’ त्यानं विकलं नाही.

‘क्रेझी’ आधी बिली वॉकर या गायकाकडे गेलं होतं. हे बाईनं म्हणायचं गाणं आहे, असं म्हणून त्यानं ते परत केल्याचं सांगतात. प्रेमात स्वतःला वेडं म्हणवून घेणं पुरुषाला शोभत नाही, असा त्याचा समज असावा. उर्दू शायरी वाचली असती तर त्याचं मत बदललं असतं. आमच्याकडे मजनूनं कधी असला संकोच केला नाही.

आता पॅट्सीकडे वळतो. व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावची ही मुलगी, जन्म 1932. बाप घर सोडून गेला. आई शिवणकाम करी. पोरीनं शाळा सोडून औषधांच्या दुकानातल्या सरबताच्या काउंटरवर काम केलं आणि रात्री गाणी म्हटली. तिचे स्टेजवरचे सुरुवातीचे कपडे आईनं शिवलेले असत. 1957 साली टेलिव्हिजनवरच्या एका स्पर्धेत ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ म्हटलं आणि नाव झालं. पण तिचा पहिला करार असा होता, की कंपनीच्या मालकीचीच गाणी तिनं गावीत. चांगली गाणी दुसऱ्यांकडे, आणि गळा इथं बांधलेला. ती वर्षं बरीचशी फुकट गेली. 1960 मध्ये ती त्या करारातून सुटली आणि डेक्का कंपनीत आली. तिथं तिला ओवेन ब्रॅडली हा निर्माता होता. हँक कॉकरन आणि हार्लन हॉवर्ड यांचं ‘आय फॉल टू पीसेस’ तिनं गायलं, आणि ते 1961 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

पॅट्सीची एक गंमत होती. जी गाणी तिला अमर करून गेली, त्यातली बहुतेक तिला आधी आवडली नव्हती. ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ नको होतं. ‘आय फॉल टू पीसेस’ नको होतं. ‘क्रेझी’ तर मुळीच नको होतं.

हे गाणं तिच्याकडे कसं पोचलं, ही कथा सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. विलीनं सांगितलेली अशी. टूट्सीजमध्ये पॅट्सीचा नवरा चार्ली डिक बसला होता. त्याला ‘क्रेझी’ ऐकवलं, ते त्याला इतकं आवडलं की आत्ताच्या आत्ता घरी चल म्हणाला. मध्यरात्र उलटून गेलेली. दोघं पॅट्सीच्या घरापाशी आले, तर विली गाडीतून उतरेना. एवढ्या रात्री एखाद्या बाईला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. शेवटी पॅट्सीच बाहेर आली आणि त्याला ओढून आत घेऊन गेली.

तिला खटकलं ते विलीचं गाणं नव्हे, विलीचं गाणं म्हणणं. आणि इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण साऱ्या गोष्टीचा जीव इथं आहे.

विलीचा आवाज बारीक, थोडा नाकातला. तो शब्द बोलल्यासारखे म्हणतो. ठेका चालू असतो, आणि हा मागे रेंगाळतो. ओळ जिथं सुरू व्हावी असं आपल्या कानाला वाटतं, तिथं तो गप्प. मग उशिरा निघतो, दोन शब्द झटकन म्हणतो, तिसऱ्यावर बसून राहतो, आणि बरोबर वेळेत जागेवर येऊन उभा राहतो. ज्यांनी ठुमरी किंवा गझलगायकी ऐकली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पण नॅशव्हिलच्या तेव्हाच्या वादकांना हा माणूस बेताला आहे की नाही हेच कळत नसे. त्यात ‘क्रेझी’ची चाल. कंट्रीची बरीच गाणी तीन कॉर्डमध्ये भागतात, हिच्यात त्याहून जास्त आहेत आणि त्यांची वळणंही जॅझच्या अंगाची. पहिल्याच शब्दावर सूर उंचावरून उडी टाकतो.

डेमो ऐकणारी गायिका नकळत डेमोसारखं म्हणायला जाते. पॅट्सीनंही तेच केलं. विलीसारखं मागे राहून म्हणून पाहिलं, ते जमेना, आणि जमेना म्हणून गाण्याचाच राग आला. ब्रॅडलीची थोरवी अशी, की त्यानं नमुना आणि गाणं या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. विलीसारखं म्हणू नकोस, तू म्हणतेस तसं म्हण, असा त्याचा सल्ला होता. ऐकायला सोपा आहे. पण एकदा कानात बसलेली चाल काढून टाकून तिच्यातलं नेमकं किती ठेवायचं, हे ठरवणं फार अवघड.

आमच्या मुशायऱ्यात शायर दोन तऱ्हांनी कलाम पेश करतो. एक तहत, म्हणजे नुसतं वाचून, आणि दुसरं तरन्नुममध्ये, स्वतःच्या साध्याशा चालीत. ही तरन्नुम म्हणजे शायराचा डेमोच. सुरेश भट आपल्या गझला मैफलीत स्वतः गात. ज्यांनी ते ऐकलं त्यांना त्या आवाजाची सवय झाली होती. त्याच कवीचे शब्द हृदयनाथांच्या चालीत आशाबाईंच्या गळ्यातून आले, तेव्हा भटांची ती तरन्नुम त्यात उरली नव्हती, आणि तरी शब्द भटांचेच होते. माझी स्वतःची एक रचना एका गायकानं रेडिओसाठी म्हटली, तेव्हा एका ओळीत मी जिथं श्वास घेतो त्याच्या एक शब्द पुढं त्यानं घेतला. अर्थ थोडा सरकला. मला ते आठवडाभर टोचत राहिलं. मग श्रोत्यांची जी दोनचार पोस्टकार्डं आली, त्यात नेमकी त्याच ओळीची तारीफ होती. गायकाला दाद द्यावी की त्याच्याशी भांडावं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

14 जून 1961 रोजी पॅट्सी भावाबरोबर मोटारीतून चालली असताना नॅशव्हिलमध्ये समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली. ती समोरच्या काचेवर आदळली. कपाळ फाटलं, मनगट मोडलं, कमरेचा सांधा निखळला, बरगड्यांना मार बसला. सुमारे महिनाभर ती इस्पितळात होती. लोरेटा लिन नावाची एक नवखी गायिका तेव्हा गावात आली होती. तिनं रेडिओवर पॅट्सीसाठी म्हणून ‘आय फॉल टू पीसेस’ म्हटलं. पॅट्सीनं ते इस्पितळात ऐकलं आणि नवऱ्याला पाठवून तिला बोलावून घेतलं. पुढे त्या जिवलग मैत्रिणी झाल्या. कपाळावरचे व्रण मात्र राहिले. नंतर ती ते केसांच्या टोपांनी आणि पट्ट्यांनी झाकत असे.

21 ऑगस्टला ती कुबड्या घेऊन ब्रॅडलीच्या स्टुडिओत आली. हा स्टुडिओ ‘क्वॉन्सेट हट’ या नावानं ओळखला जाई. लष्करात वापरतात तसली, पिंप उभं चिरून आडवं टाकावं तशी अर्धगोल पत्र्याची शेड. ओवेन आणि त्याचा भाऊ हॅरल्ड यांनी ती आपल्या घरामागं उभारली होती, आणि आज ज्याला म्युझिक रो म्हणतात ती नॅशव्हिलची स्टुडिओंची गल्ली हिच्याभोवती वाढली. पियानोवर फ्लॉइड क्रेमर होता. एका स्वरावरून शेजारच्या स्वरावर बोट घसरवत नेण्याची त्याची लकब ‘क्रेझी’च्या सुरुवातीलाच ऐकू येते. बासवर बॉब मूर, ढोलांवर बडी हार्मन. मागं गुणगुणायला जॉर्डनेअर्स, तेच जे एल्विस प्रिस्लेच्या मागं गात असत. सारंगीसारखी कुरकुरणारी फिडल इथं पुढं येत नाही. रॉक अँड रोलनं कंट्रीचं गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा शहरी कानांना रुचेल असा जो मऊ बाज ब्रॅडली आणि चेट ॲटकिन्स यांनी घडवला, त्यालाच पुढे ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणू लागले. जुन्या मंडळींना तो बाटलेला वाटला. मलाही त्यातल्या काही रेकॉर्डी साखरेच्या पाकातल्या वाटतात. ही वाटत नाही.

त्या काळी तीन तासांच्या बैठकीत तीनचार गाणी सहज उरकत. त्या दिवशी चार तास गेले, आणि गाणं एकच, तेही अपुरं. वरचे सूर लावायला छाती भरून श्वास लागतो, आणि बरगड्या तो घेऊ देत नव्हत्या. ब्रॅडलीनं वाद्यं आणि मागचे आवाज मुद्रित करून ठेवले आणि पॅट्सीला घरी पाठवलं. काही आठवड्यांनी ती परत आली. तयार टेपवर तिनं गाणं म्हटलं, सांगतात ते असं, की एकाच दमात. आज सगळीच गाणी अशी तुकड्यातुकड्यांनी होतात. तेव्हा गायक आणि वादक एका खोलीत, एका वेळी, हीच रीत होती.

आता ही रेकॉर्ड ऐका. जेमतेम पावणेतीन मिनिटांची आहे. विलीसारखं ती बोलत नाही, ती गाते. पहिला शब्द वरून खाली येतो तो पूर्ण भरून. पण मधल्या ओळींत कान देऊन ऐकलं तर लक्षात येतं, की ती मागं राहते. विलीइतकी नाही, केसभर. ठेका पुढं जातो आणि तिचा शब्द पाय ओढत येतो, जणू म्हणावं की न म्हणावं असा विचार करत. विलीची लकब टाकून दे असं सांगितलेल्या गायिकेनं टाकायचं ते टाकलं, आणि जे गाण्याच्या हाडात होतं ते ठेवलं. मला हा अभिनयाहून मोठा गुण वाटतो. आणि एवढं दुखणं अंगावर असताना त्या आवाजात कुठं कण्हणं नाही, रडवेलेपण नाही. स्वतःच्या खुळेपणाकडे ती जरा लांबून, समजून उमजून पाहते.

1961 च्या ऑक्टोबरमध्ये रेकॉर्ड बाजारात आली. कंट्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीत नवव्या. खेड्यातलं गाणं शहरातल्या ड्रॉइंगरूममध्ये गेलं. नोव्हेंबरमध्ये ऑप्रीच्या कलावंतांबरोबर पॅट्सी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. पुढली कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या हॉटेलांत आणि बारमध्ये नाणं टाकून जी गाणी वाजवली गेली, त्यात ‘क्रेझी’ अगदी वरच्या जागी राहिलं.

मग पैशांचं काय? अमेरिकी कायद्याची एक तऱ्हा आहे. साध्या रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मानधन मिळतं, गायकाला नाही. तबकड्या खपतील त्याचा वाटा गायकाचा, पण रेडिओवर हजार वेळा वाजलं तरी त्याचं काही नाही. पन्नास डॉलरला गाणं विकणाऱ्या माणसाला या गाण्यानं आयुष्यभराची पेन्शन दिली, आणि ज्या छातीतून ते निघालं, तिला आकाशवाटे काही आलं नाही. आपल्याकडे तराजू दुसऱ्या बाजूला झुकलेला होता. लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी हवी अशी भूमिका घेतली आणि त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचं काही वर्षं एकत्र गाणं बंद झालं. रफीसाहेबांचं म्हणणं, बिदागी घेतली तिथं हिशेब संपला. या भांडणात गाणं लिहिणाऱ्याचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी दुरुस्ती आपल्या कॉपीराइट कायद्यात झाली ती 2012 साली, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू मांडल्यावर. तोवर आपल्याकडच्या किती विली नेल्सननी पन्नास रुपयांवर सह्या केल्या असतील.

5 मार्च 1963 रोजी कॅन्सस सिटीतल्या एका मदतीच्या कार्यक्रमाहून परतताना पॅट्सीचं छोटं विमान टेनेसीत कॅमडनजवळ जंगलात कोसळलं. कुणी वाचलं नाही. तिचं वय तीस. ‘क्रेझी’ला दीड वर्षही झालं नव्हतं. 1973 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं. एकल गायिका म्हणून तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

विलीला मात्र गायक म्हणून कुणी घेत नव्हतं. 1962 साली त्याची पहिली लाँगप्ले निघाली, तिचं नावच ‘अँड देन आय रोट’, म्हणजे मग मी लिहिलं. दुसऱ्यांनी गाजवलेली आपली गाणी त्यानं त्यात स्वतः गायली, ‘क्रेझी’ही. लोकांना गाणी हवी होती, त्याचा आवाज नको होता. पुढल्या दहा वर्षांत निर्मात्यांनी त्याच्या आवाजाभोवती व्हायोलिनं रचून पाहिली, कोरस लावून पाहिला. शेवटी नॅशव्हिल सोडून तो टेक्सासला परतला, केस वाढवले, आणि 1975 मध्ये ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ही लाँगप्ले केली. बरीचशी नुसती गिटार, बहिणीचा पियानो, आणि त्याचा तो बारीक आवाज. कंपनीच्या साहेबांनी टेप ऐकली आणि त्यांना वाटलं, हा डेमो आहे, खरं मुद्रण अजून व्हायचंय. पण करारानं शेवटचा शब्द विलीचा होता. ती तशीच निघाली आणि लाखोंनी खपली. त्यातल्या ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’नं त्याला गायक म्हणून पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावर नेलं. हे गाणं त्याचं नव्हे, फ्रेड रोझचं, तीस वर्षांपूर्वीचं. दुसऱ्यांच्या गळ्यातून नाव झालेला हा कवी गायक म्हणून उभा राहिला तो दुसऱ्याच्या शब्दांवर.

पँपरसाठी साठच्या दशकात म्हटलेले त्याचे डेमो 2003 साली सीडीवर निघाले. सीडीचं नावही ‘क्रेझी’च. घासून फेकून द्यायच्या त्या नमुन्यांना चाळीस वर्षांनी वेष्टन मिळालं. त्याच वर्षीच्या यादीत पॅट्सीची रेकॉर्ड अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रानं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. दोन्ही लागोपाठ ऐकता येतात. मी आधी पॅट्सी आणि मग विली असं ऐकतो. उलट क्रमानं ऐकलं की विली बिचारा उमेदवारीला आल्यासारखा वाटतो. या क्रमानं ऐकलं की तिनं काय काय उचललं आणि काय दारातच ठेवलं, ते ओळीओळीला कळत जातं.

विली नव्वदी ओलांडल्यावरही मंचावर गात राहिला. कित्येक दशकं त्याच्या मैफलीत एक जागा ठरलेली असे. आपली तीन जुनी गाणी तो मध्ये न थांबता एकामागून एक म्हणे. पहिलं, बिली वॉकरनं स्वीकारलेलं ‘फनी हाउ टाइम स्लिप्स अवे’. दुसरं, त्याच वॉकरनं परत केलेलं ‘क्रेझी’. आणि तिसरं ‘नाइट लाइफ’, ते दीडशे डॉलरना विकलेलं.